मल्याळम बोलणाऱ्यांना इंग्रजी ‘वुई’ कसा शिकवावा

प्रश्न : पुण्यातल्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या केरळच्या परिचारिकांना मी संध्याकाळी बोलचालीचं इंग्रजी शिकवते. मला मल्याळम येत नाही. ‘वुई’ या साध्या शब्दाचा अर्थ इंग्रजी–मल्याळम शब्दकोशात पाहिला तर तीन शब्द मिळाले : ञङ्ङळ्, नम्मळ् आणि नाम्. यातला नेमका कोणता सांगायचा? शिवाय ‘वुई’ इतका सोपा शब्द असूनही त्यांच्या वाक्यांत तो कधी कधी खटकतो. असं का होतं?

उत्तर :

तिन्ही शब्द बरोबर आहेत, फक्त त्यांच्या जागा वेगळ्या आहेत. शब्दकोशात ते स्वल्पविराम देऊन एकापुढे एक मांडले आहेत, म्हणून ते समानार्थी वाटतात. तसे ते नाहीत. आणि हा फरक समजून घ्यायला तुम्हाला मल्याळम शिकावी लागणार नाही, कारण तो तुम्ही रोज मराठी बोलताना पाळता.

ञङ्ङळ् म्हणजे आपलं ‘आम्ही’. बोलणारी आणि तिच्या बाजूचे लोक त्यात येतात, ऐकणारा येत नाही. नम्मळ् म्हणजे आपलं ‘आपण’. त्यात ऐकणाराही धरलेला असतो. नाम् हे या दुसऱ्या गटातलंच, पण भाषणात, लेखात, घोषणापत्रात शोभणारं भारदस्त रूप आहे. रोजच्या बोलण्यात ते क्वचितच येतं. ‘उद्या आम्ही मुन्नारला चाललोय’ हे ऐकून मैत्रीण ‘बरं, मजा करा’ म्हणेल. ‘उद्या आपण मुन्नारला चाललोय’ हे ऐकून ती ‘अगं, मला आत्ता सांगतेस?’ म्हणेल. मल्याळममध्येही हे असंच्या असं घडतं. इंग्रजीत दोन्हीकडे ‘वुई’च आणि हिंदीत दोन्हीकडे ‘हम’च. म्हणून माझा आग्रह असा की केरळच्या विद्यार्थिनींना हा शब्द शिकवताना हिंदीचा पूल वापरू नका. त्या पुलावर हा फरक वाहून जातो, आणि पूर्वेकडच्या हिंदीत तर ‘हम’ म्हणजे ‘मी’सुद्धा होतो. तुमची मराठी आणि त्यांची मल्याळम यांना थेट समोरासमोर बसवा.

ही जवळीक योगायोगाची नाही. द्राविडी भाषांमध्ये हा भेद फार जुना आहे. तमिळमध्ये नाङ्गळ् आणि नाम्, तेलुगूत मेमु आणि मनमु अशी जोडी आहे. आधुनिक कन्नडने मात्र हा भेद सोडला, तिथे एकच नावु उरलं. संस्कृतच्या ‘वयम्’मध्ये तो नव्हता, तरी मराठीत आणि गुजरातीत तो आहे, आणि अनेक भाषाशास्त्रज्ञ याकडे द्राविडी भाषांशी झालेल्या दीर्घ सहवासाचा परिणाम म्हणून पाहतात. आपण त्यासाठी नवा शब्द घडवला नाही. ‘आत्मन्’पासून आलेला, ‘स्वतः’ या अर्थाचा ‘आपण’ कामाला लावला.

इथे एक सावधगिरी. मराठीतलं ‘आपण’ आदराने समोरच्यालाही वापरतात : ‘आपण बसावं.’ या ‘आपण’साठी नम्मळ् चालत नाही. तिथे मल्याळम ताङ्कळ् म्हणते. पण गंमत पाहा, ताङ्कळ्च्या मुळाशी तान् म्हणजे ‘स्वतः’ हाच शब्द आहे. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषांनी आदरासाठी ‘स्वतः’कडेच जावं, याचं मला दर वेळी नव्याने कौतुक वाटतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे खटकण्याकडे. या मुलींना ‘वुई’ कठीण जात नाही, त्यांना तो अपुरा पडतो. मनात ञङ्ङळ् किंवा नम्मळ् यांपैकी एक स्पष्ट असतं, तोंडातून ‘वुई’ निघतो, आणि कोणता अर्थ होता हे मनातच राहतं. मल्याळममध्ये ती माहिती सर्वनामातच असल्यामुळे वाक्यात इतरत्र ती सांगायची सवय त्यांना नसते. इंग्रजी भाषक ती कमतरता इतर शब्दांनी भरून काढतो. म्हणजे शिकवायचं आहे ते ‘वुई’च्या आजूबाजूचं सामान.

त्या सामानात सर्वांत उपयोगी शब्द ‘लेट्स’. याबाबत इंग्रजी पूर्ण निःसंदिग्ध आहे : प्रमाण इंग्रजीत ‘लेट्स’मध्ये ऐकणारा नेहमी असतो. मल्याळममध्ये याला अगदी नेमकी जोड आहे. ‘नमुक्क् पोकाम्’ म्हणजे ‘चला, जाऊया’, म्हणजेच ‘लेट्स गो’. नमुक्क् हे नम्मळ्चं ‘आपल्याला’ हे रूप, आणि पोकाम्मधला ‘आम्’ हा प्रत्यय. हाच प्रत्यय ञङ्ङळ्बरोबर आला की अर्थ बदलतो. ‘ञङ्ङळ् चेय्याम्’ म्हणजे ‘आम्ही करतो ना, तुम्ही काळजी करू नका’. ते एक आश्वासन आहे, आणि इंग्रजीत ते ‘वुईल डू इट’ होतं. ‘नमुक्क् चेय्याम्’ म्हणजे ‘करूया आपण’, आणि ते ‘लेट्स डू इट’ होतं. ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. तुमच्या विद्यार्थिनींना ती लिपीत नीट लिहून दाखवायला सांगा आणि खाली मराठी ‘करतो’ आणि ‘करूया’ तुम्ही लिहा. क्रियापदाचा प्रत्यय तोच राहिला तरी सर्वनाम बदलल्याने आश्वासनाची सूचना होते, हे त्यांना कोणी कधी दाखवलेलं नसतं, आणि दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

‘लेट अस’ हे पूर्ण रूप मात्र दुहेरी आहे. प्रार्थनासभेतलं किंवा भाषणातलं ‘लेट अस’ म्हणजे ‘आपण करूया’. पण ‘प्लीज लेट अस गो’ म्हणजे ‘आम्हाला जाऊ द्या’, मल्याळममध्ये ‘ञङ्ङळे विडू’. शाळेत ‘लेट्स’ हे ‘लेट अस’चं लघुरूप आहे एवढंच शिकवलेलं असल्याने मुली औपचारिक वाटावं म्हणून पूर्ण रूप वापरतात. वरिष्ठांसमोर ‘सर, लेट अस गो टु द वॉर्ड’ म्हटलं की सर परवानगी देतात आणि स्वतः जागेवरच बसून राहतात. बोलण्यात नेहमी ‘लेट्स’ वापरा, असं स्पष्ट सांगा.

‘शॅल वुई’ बहुतेकदा नम्मळ् असतं : ‘शॅल वुई स्टार्ट?’ म्हणजे ‘सुरू करूया का?’ पण ‘शॅल वुई ब्रिंग यू सम टी?’ यात चहा आणणारे ‘आम्ही’ आहोत आणि पिणारे ‘तुम्ही’. वाक्यात ‘यू’ वेगळा आला की ‘वुई’मधून ऐकणारा आपोआप बाहेर पडतो. हे सूत्र चांगलं टिकतं आणि दुसरीकडेही लागू पडतं. ‘वुईल कॉल यू’, ‘वुई विल शिफ्ट यू टु द वॉर्ड’ यांत गोंधळ होत नाही, कारण ‘यू’ बाहेर उभा आहे. गोंधळ होतो तो ‘यू’ नसलेल्या वाक्यांत. ‘वुई आर गोइंग फॉर लंच’ हे ऐकणाऱ्या नव्या सहकाऱ्याला कळत नाही की हे आमंत्रण आहे की माहिती. आमंत्रण असेल तर ‘वुड यू लाइक टु जॉइन अस?’ जोडायचं. इथे ‘अस’ पुन्हा ञङ्ङळ् झाला. तो अजून गटात आलेला नाही, आपण त्याला बोलावतो आहोत.

रुग्णालयाचा भाग मी लांबवणार आहे, कारण तिथे या शब्दावरून खरोखर बिघडू शकतं.

केरळमधली परिचारिका रुग्णाशी बोलताना मायेने नम्मळ् वापरते. ‘नमुक्क् ओरु इंजेक्शन् एडुक्काम्, केट्टो?’ आपल्याकडच्या सिस्टरही असंच म्हणतात : ‘आपण एक इंजेक्शन घेऊया हं.’ सुई एकालाच टोचणार आहे हे दोघांनाही माहीत असतं. ‘आपण’ तिथे सोबतीसाठी आलेलं असतं. हे वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत आलं की ‘वुई विल टेक वन इंजेक्शन’ होतं. इंग्रजी रुग्ण गोंधळतो, कारण ‘टेक’ म्हणजे घेणं, आणि घेणारे ‘आपण दोघं’ कसे? यात भर म्हणून मल्याळममधलं एडुक्कुक हे क्रियापद इंजेक्शन देण्यालाही वापरतात आणि घेण्यालाही, त्यामुळे ‘टेक’ आणि ‘गिव्ह’ हा घोळ वेगळाच. इथे इंग्रजीची रीत अशी : ‘आयम गोइंग टु गिव्ह यू ॲन इंजेक्शन नाउ. इज दॅट ओके?’ करणारी मी, ज्याला होणार तो तुम्ही, आणि नंतर परवानगी. माया सर्वनामातून काढून त्या प्रश्नात आणि आवाजात ठेवायची.

मग ‘लेट्स’ रुग्णाशी कधीच वापरायचा नाही का? वापरायचा, पण कृती खरोखर दोघांची असेल तेव्हा. ‘लेट्स सिट यू अप’ किंवा ‘लेट्स टेक अ फ्यू स्टेप्स’ स्वाभाविक आहेत, कारण आधार तिचा आणि पाय त्याचे. ‘लेट्स चेक युअर ब्लडप्रेशर’ही चालतं. कॅथेटर, इंजेक्शन, कपडे काढणं, जखम साफ करणं अशा ठिकाणी ‘वुई’ आणि ‘लेट्स’ दोन्ही टाळायला सांगा. आपल्या शरीरावर काय होणार आहे आणि ते कोण करणार आहे, हे रुग्णाला नेमकं कळणं हा त्याचा हक्क आहे. ओईटी या, परदेशी काम करू इच्छिणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेच्या बोलण्याच्या भागात रुग्णाशी संवादाचे दोन प्रसंग असतात, आणि त्यात भाषेइतकीच ही माहिती देण्याची पद्धत, रुग्णाचं म्हणणं ऐकण्याची पद्धत तपासली जाते. त्यामुळे ही शिस्त परीक्षेतही उपयोगी पडते.

‘हाउ आर वुई टुडे?’ हे वाक्य मुली मालिकांतून किंवा जुन्या डॉक्टरांकडून उचलतात, आणि त्यांना ते नम्मळ्सारखं गोड वाटतं. इंग्रजीत ते प्रौढ माणसाला लहान मूल समजल्यासारखं ऐकू येतं, विशेषतः वयस्कर रुग्णांना ते झोंबतं. नम्मळ्चा गोडवा त्यात नाही. हे वाक्य वर्गातून पूर्ण बाद करा.

पाळी बदलताना रुग्ण पुढच्या परिचारिकेकडे सोपवतात, तेव्हाच्या बोलण्यातला ‘वुई’ मला सर्वांत धोक्याचा वाटतो. ‘वुई हॅव टु इन्फॉर्म द फॅमिली’ असं जाणारी सांगते. तिच्या मनात नम्मळ् असतं : तू आणि मी मिळून. येणारी ते ञङ्ङळ् समजते : दिवसपाळीच्या या लोकांनी सांगायचं होतं, आणि ते सांगतील. नातेवाइकांना कोणीच सांगत नाही. मल्याळममध्ये हीच सोपवणी झाली असती तर ही चूक घडली नसती, कारण सर्वनामानेच जबाबदारी वाटून दिली असती. म्हणून सोपवणीत ‘वुई’ऐवजी नाव किंवा काम वापरायचं : ‘द नाइट नर्स नीड्स टु चेक हर शुगर ॲट टू’, ‘आय हॅव्हन्ट कॉल्ड द सन येट, कॅन यू कॉल हिम?’ तसंच, नातेवाइकांशी बोलताना ‘वुई हॅव डिसायडेड’ म्हटलं की त्यात नातेवाईक आहेत की नाहीत हे संदिग्ध राहतं. ‘द सर्जिकल टीम हॅज डिसायडेड’ किंवा ‘द डॉक्टर अँड आय’ म्हटलं की उरत नाही. खरोखर दोघांनी ठरवलं असेल तर ‘यू अँड आय’ किंवा ‘ऑल ऑफ अस, इन्क्लूडिंग यू’.

आता काही गोष्टी भराभर.

नम्मळ्चा आणखी एक वापर आहे, तो आपल्या ‘आपण’चाही आहे : कोणीही माणूस. ‘आपण बँकेत गेलो की आधी कागद मागतात.’ इथे बोलणारी प्रत्यक्ष गेलेली नसते. याचं ‘वुई गो टु द बँक, दे आस्क फॉर पेपर्स’ केलं की इंग्रजी ऐकणारा विचारतो, कोण कोण गेला होतात? इंग्रजीत इथे ‘यू’ लागतो : ‘व्हेन यू गो टु द बँक, दे आस्क फॉर युअर पेपर्स.’ समोरच्याला ‘यू’ म्हणणं मुलींना उद्धट वाटतं, कारण त्यांना त्यात नी (तू) किंवा निङ्ङळ् (तुम्ही) ऐकू येतं. हा ‘यू’ समोरच्याला उद्देशून नाही, तो नम्मळ्चाच इंग्रजी अवतार आहे, असं सांगितलं की संकोच जातो. तुमच्या मराठी विद्यार्थ्यांनाही हे सांगा, त्यांची चूकही हीच असते.

माणसं मोजताना : ‘ञङ्ङळ् अञ्जुपेर्’ म्हणजे ‘आम्ही पाच जण’. यावरून ‘वुई आर फाइव्ह मेंबर्स इन अवर फॅमिली’ हे वाक्य मुलाखतीत ऐकू येतं, मराठी मुलांकडूनही. इंग्रजीची रीत : ‘देअर आर फाइव्ह ऑफ अस.’ मुलाखतीच्या तयारीत हे एवढं एक वाक्य दुरुस्त झालं तरी फरक पडतो.

‘ञानुम् भर्तावुम्’ म्हणजे मी आणि नवरा. मल्याळममध्ये आणि मराठीत स्वतःला आधी म्हटलं तरी काही वाटत नाही. इंग्रजीत स्वतःला शेवटी ठेवायचं : ‘माय हज्बंड अँड आय’. आणि त्यानंतर पुन्हा ‘वुई’ घालायचा नाही. ‘माय हज्बंड अँड आय वुई वेंट’ यातला ‘वुई’ जादा आहे.

भूक, माहिती, मालकी अशा गोष्टींत मल्याळम आपल्यासारखीच ‘आम्हाला’ वापरते : ‘ञङ्ङळ्क्क् विशक्कुन्नु’, आम्हाला भूक लागली आहे. ‘ञङ्ङळ्क्क् अऱियाम्’, आम्हाला माहीत आहे. इंग्रजीत या सगळ्या जागी ‘अस’ नाही, कर्ता ‘वुई’च. ‘ञङ्ङळ्क्क् रण्डु कुट्टिकळ् उण्ड्’ याचं ‘वुई आर हॅविंग टू चिल्ड्रन’ होतं, ते ‘वुई हॅव’ करून घ्या. ‘आर हॅविंग’ने मुलं अजून व्हायची आहेत असा अर्थ होतो.

त्या कर्ता गाळतात याचं कारणही इथेच सांगून टाकते. मल्याळममध्ये क्रियापद पुरुषानुसार बदलत नाही. ञान् पोयी, नी पोयी, अवन् पोयी, ञङ्ङळ् पोयी. गेलो, गेलास, गेला असं काही नाही. ए. आर. राजराज वर्मा यांनी १८९६ साली आलेल्या ‘केरळपाणिनीयम्’ या व्याकरणात मल्याळमची जी वैशिष्ट्यं सांगितली, त्यांत याला पुरुषभेदनिरास असं सुंदर नाव दिलं आहे, जे मराठी वाचकाला अर्थ न सांगताही कळतं. तरीही संदर्भ स्पष्ट असेल तर मल्याळममध्ये कर्ता सरळ गाळतात. इंग्रजीत गाळता येत नाही. ‘वेंट टु कोची यस्टर्डे’ यात चूक एवढीच, की ‘वुई’ राहिला.

‘अवर’वर मात्र थोडं थांबू. ञङ्ङळुडे म्हणजे आमचं, नम्मुडे म्हणजे आपलं. पाहुण्याला ‘हे नम्मुडे वीड् आहे असं समजा’ म्हणणं हा केरळी अगत्याचा भाग आहे, जसं आपण ‘घर आपलंच आहे’ म्हणतो. इंग्रजीत ‘दिस इज अवर हाउस’ म्हटलं तर पाहुण्याला त्यातलं आमंत्रण ऐकू येत नाही, उलट मालकी ऐकू येते. तिथे ‘मेक युअरसेल्फ ॲट होम’ म्हणतात. तसंच दोघांच्या ओळखीच्या माणसाला आपण ‘आपला संजू’ म्हणतो, त्या ‘नम्मुडे संजू’ म्हणतात. प्रमाण इंग्रजीत ‘अवर संजू’ म्हटलं तर तो कुटुंबातला वाटतो. उत्तर इंग्लंडमध्ये घरच्या माणसाला खरोखरच तसं म्हणतात. तिथला रुग्ण ‘अवर मेरी’ म्हणाला तर ती त्याची बहीण, मुलगी अशी कोणी घरची असणार. आणि ‘ञङ्ङळुडे नाट्टिल्’ म्हणजे ‘आमच्या गावी’ याचं ‘इन अवर प्लेस’ करू नये. ‘बॅक होम’ किंवा सरळ ‘इन केरला’.

ब्रिटनला जाणाऱ्या मुलींना आणखी एक सांगून ठेवा. तिथले रुग्ण बोलताना ‘पास अस दॅट ग्लास, लव्ह’ म्हणतात, आणि खोलीत ते एकटेच असतात. हा ‘अस’ म्हणजे ‘मला’. अनेकवचन एकट्याने वापरण्याची सवय त्यांना अनोळखी वाटायला नको. मलबारच्या बोलीत ‘ञम्मळ्’ एकट्या माणसालाही चालतं, नंबूदिरी ब्राह्मणांचं ‘नोम्’ तर ‘मी’ म्हणूनच ओळखलं जातं, आणि मुंबईच्या ‘आपुन’चं उदाहरण तुमच्याकडे आहेच.

वर्गात हे सगळं कसं घ्यायचं? व्याख्या सांगू नका. मी दोन पाठांतरांपासून सुरुवात करते. तुमच्या वर्गात ख्रिस्ती मुली असतील तर त्यांना प्रभूची प्रार्थना येत असणार : ‘स्वर्गस्थनाय ञङ्ङळुडे पितावे’. इथे ञङ्ङळुडे का, नम्मुडे का नाही, असं विचारा. क्षणभर शांतता होते, मग कोणीतरी म्हणते की आपण देवाशीच बोलतोय, तो ऐकणारा आहे. बरोबर. मराठी प्रार्थनाही ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशीच आहे. इंग्रजी ‘अवर फादर’मध्ये हे दिसत नाही, पण दोन्ही भाषांच्या अनुवादकांना निवड करावीच लागली, आणि दोघांनी एकच निवड केली.

दुसरं पाठांतर राज्यघटनेच्या उद्देशिकेचं. इंग्रजीत ‘वुई, द पीपल ऑफ इंडिया’. मल्याळममध्ये ‘भारतत्तिले जनङ्ङळाय नाम्’, म्हणजे वाचणारा, ऐकणारा, सगळे आत. मराठीत ‘आम्ही, भारताचे लोक’. इथे दोन भाषांनी वेगळी वाट धरली. मल्याळम उद्देशिका नागरिक एकमेकांना सांगत आहेत अशी वाचली जाते, मराठी उद्देशिका ते जगाला उद्देशून जाहीर करत आहेत अशी. दोन्ही वाचनं इंग्रजी मजकुरात बसतात, कारण ‘वुई’ने निवड केलेलीच नाही. हा मुद्दा मी कधीही घाईत उरकत नाही. ‘वुई’ची संदिग्धता तिथे कुणाच्याही लगेच लक्षात येते.

यानंतर उलटा अनुवाद. ‘वुई’ असलेली सात-आठ इंग्रजी वाक्यं द्या, त्यांच्या कामातली, आणि प्रत्येकीला एकटीने मल्याळममध्ये लिहायला सांगा. मग हात वर करायला लावा : किती जणींनी ञङ्ङळ् लिहिलं, किती जणींनी नम्मळ्? जिथे वर्ग दुभंगतो ते वाक्य इंग्रजीत अपुरं आहे. तेच वाक्य असं बदलायला लावा की सगळ्यांचा एकच शब्द येईल. तुम्हाला मल्याळम येत नसली तरी हा सराव घेता येतो, कारण तपासायचा फक्त एक शब्द असतो, आणि शंका आली तर त्याच वाक्याचं मराठी करून पाहायचं. वर्गात कन्नड मुली असतील तर त्यांना या सरावात पंच करा. त्यांच्या नावुमध्ये हा भेद नसल्याने त्यांना इंग्रजी वाक्य इंग्रजासारखंच अपुरं ऐकू येतं.

कोणी विचारलं की इंग्रजीत हे नेहमीच असं होतं का, तर सांगा की जुन्या इंग्रजीत ‘आम्ही दोघं’साठी ‘विट’ असा वेगळा शब्द होता, तो पुढे लोपला. ऐकणारा आत की बाहेर हा भेद मात्र तेव्हाही नव्हता.

उच्चाराबद्दल एकच गोष्ट. मल्याळम लिपीत हा शब्द ‘वी’ असा लिहिला जातो आणि मुली ओठाला दात लावून तो उच्चारतात, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षर. मराठीत ‘वुई’ लिहायची जुनी पद्धत इथे चांगली आहे. ‘उ’साठी ओठ गोल करा आणि लगेच ‘ई’कडे जा, दात कुठेही लागू देऊ नका. वाक्याच्या मध्ये तो आखूड होतो, त्यावर जोर येत नाही. ‘वुई आर’चं ‘वुईअ’ होतं, आणि भूतकाळातला ‘वर्’ त्याच्याशी मिसळला की ‘वुई आर वेटिंग’ आणि ‘वुई वर वेटिंग’ सारखेच ऐकू येतात. सोपवणीच्या वेळी तेवढा फरक स्पष्ट ऐकू येईल असं बोलायला लावा.

तुमच्या टिपणवहीसाठी नोंद अशी करा : ‘वुई’ म्हणजे ऐकणारा बाहेर असेल तर ञङ्ङळ्, आत असेल तर नम्मळ्. ‘लेट्स’ म्हणजे नमुक्क् आणि पुढे ‘आम्’ प्रत्ययाचं क्रियापद. नाम् फक्त वाचताना ओळखण्यासाठी. रुग्णावर काही करताना ‘आय’ आणि ‘यू’. आणि ञ, ङ ही अक्षरं लिहायला कचरू नका. मराठीत ती आपण वर्णमालेपुरती म्हणतो, मल्याळममध्ये ञ प्रत्येक ‘मी’मध्ये आहे आणि प्रत्येक ‘आम्ही’मध्ये दोन्ही आहेत. तुम्ही ञङ्ङळ् नीट उच्चारलंत तर त्या मुली तुमचा ‘वुई’ जास्त मन लावून ऐकतील.